ठोका वेगळा, श्वास वेगळा: एकाच माइकमधल्या दोन आवाजांची वाटणी

छातीवर माइक ठेवला की हृदयाचं लब-डब आणि फुप्फुसांतली सळसळ एकत्रच येते. डॉक्टरांचं यात काही अडत नाही. १८१६ साली पॅरिसमध्ये लेनेक या डॉक्टरने कागदाची सुरळी करून रुग्णाच्या छातीला लावली, तेव्हापासून हे काम कानच करत आलाय: हवं त्याकडे लक्ष द्यायचं, नको ते मागे टाकायचं. संगणकाला मात्र ‘लक्ष दे’ म्हणून चालत नाही.

मी मिरजेत वैद्यकीय उपकरणं दुरुस्त करते. मॉनिटर, ईसीजी, सक्शन, जे येईल ते. दोन आवाज वेगळे करायचा हा उद्योग मी शिकले तो बाबांच्या छातीवर. बाबा एसटीतले निवृत्त ड्रायव्हर, वय चौऱ्याहत्तर. बिडी सुटली, पण डाव्या फुप्फुसात क्रेप्स राहिल्या. म्हणजे श्वास घेताना बारीक करकर, कानाजवळ केस चोळल्यासारखी. आमच्या डॉक्टर मॅडमना ती दर महिन्याला ऐकायची असते आणि हृदयाच्या धडधडीखाली ती नेमकी दबते. म्हणून एक माइक, एक जुना लॅपटॉप आणि पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा एवढ्यावर हे जमवलं. आधीच सांगते, यातून निदान करायचं नसतं. डॉक्टरांना ऐकायला सोपं जावं, एवढंच.

आधी रेकॉर्डिंग, गणित नंतर

साध्या स्टेथोस्कोपचं चेस्टपीस, म्हणजे छातीवर टेकवायची चकती, घ्या. नळी चार-पाच सेंटिमीटरवर कापा आणि त्यात सहा मिलिमीटरची इलेक्ट्रेट माइक कॅप्सूल घट्ट बसवा. वरून श्रिंक स्लीव्ह चढवा. कुठूनही हवा जायला नको, कारण फट राहिली की सगळ्यात आधी खालच्या फ्रिक्वेन्सी निसटतात आणि हृदय तर तिथेच राहतं. लब-डबऐवजी कोरडं ‘टक-टक’ ऐकू आलं, तर नळी पुन्हा बसवा.

माइक यूएसबी साउंड कार्डला जोडा. संगणकातलं नॉइज सप्रेशन आणि आपोआप आवाज कमी-जास्त करणारी सोय, दोन्ही बंद करा. नॉइज सप्रेशनच्या दृष्टीने श्वासाची सळसळ हा गोंगाटच. ते इमानेइतबारे ती पुसून टाकतं. आवाज आपोआप सांभाळणारी सोय त्याहून वाईट. ठोका मोठा वाजला की ती सगळंच खाली दाबते, मग हळूहळू वर सोडते, आणि श्वास ठोक्याच्या तालावर डुलायला लागतो. पुढच्या सगळ्या रीती ‘दोन आवाजांची बेरीज झाली आहे’ असं धरून चालतात. इथे बेरजेत गुणाकार घुसतो आणि तो नंतर निघत नाही.

लॅपटॉपचा चार्जर काढा. घरच्या विजेची गुणगुण ५० हर्ट्झची, म्हणजे बरोबर हृदयाच्या पट्ट्यात. ‘नंतर ५० हर्ट्झचा नॉच फिल्टर लावू’ असं मीही म्हटलं होतं; तेवढीच फ्रिक्वेन्सी कापणारा तो नॉच. नॉच अरुंद ठेवला तर तो स्वतःच घुमतो. क्यू, म्हणजे अरुंदपणाचा आकडा, ३० ठेवला की पट्टा साधारण १.७ हर्ट्झचा आणि घुमणं सुमारे ०.२ सेकंदाचं. लब आणि डब यांच्यातलं अंतरच ०.३ सेकंदाच्या आसपास! आमच्या शेजारी तानपुरे करणारे चाचा राहतात. त्यांनी हेडफोन लावून ते ऐकलं आणि लगेच म्हणाले, ‘‘बेटी, प्रत्येक ठोक्यामागे कोणीतरी तार छेडतंय.’’ त्या दिवसापासून मी चार्जर काढते आणि पंखा बंद करते.

४४,१०० हर्ट्झवर रेकॉर्ड करून नंतर ४,००० वर आणा. म्हणजे २,००० हर्ट्झपर्यंतचं सगळं शिल्लक राहतं, आणि छातीवरच्या आवाजाला तेवढं पुरे.

आता खरी युक्ती. प्रत्येक माणसाची एक नाही, तीन रेकॉर्डिंगं घ्या. पहिलं डाव्या छातीवर, श्वास सोडून थांबून. हे निव्वळ हृदय. दुसरं पाठीवर उजवीकडे, खांद्याच्या पात्याखाली, तोंड उघडून खोल श्वास घेताना. इथे हृदय खूप क्षीण असतं, म्हणून हे जवळजवळ निव्वळ फुप्फुस. तिसरं डाव्या छातीवर वरच्या बाजूला, नेहमीच्या श्वासाने, तीस सेकंद. वाटणी याची करायची. खोल श्वास पाच-सहाच घ्यायला सांगा, जास्त घेतले की गरगरतं. बाबांना आठ सेकंदांपलीकडे थांबता येत नाही, म्हणून पहिलं तीनदा घेते.

‘‘धरू का सोडू, एक काय ते सांग की.’’

‘‘सोडा आणि थांबा, बाबा. बोलू नका.’’

‘‘पंखा तरी लाव.’’

हे त्या रेकॉर्डिंगमध्ये आहे. एप्रिल होता. बनियन काढायला लावा; कापड चकतीच्या पडद्याला घासलं की हुबेहूब क्रेप्ससारखं वाजतं.

डोळ्यांनी बघून घ्या

कुठलाही कोड लिहिण्याआधी तिसरी फाइल ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून स्पेक्ट्रोग्राम बघा, म्हणजे आडवा वेळ आणि उभी फ्रिक्वेन्सी असं आवाजाचं चित्र. तळाशी, २० ते १५० हर्ट्झमध्ये, आखूड जाड खुंट्या दिसतील, जोडी-जोडीने. ते लब आणि डब. प्रत्येकाची लांबी साधारण ०.१ सेकंद. त्यांच्यावरून ढगासारखं काहीतरी येतं आणि विरतं, तो श्वास. त्याची बहुतेक ऊर्जा १०० हर्ट्झच्या पुढे असते आणि वर जाता जाता पातळ होते. मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला १२ ते २०, ठोके ७०-७५, म्हणजे एका ढगाखाली चार-पाच जोड्या. व्हीझ, म्हणजे श्वासातली शिट्टी, असेल तर ढगात आडवी रेघ दिसते. क्रेप्स असतील तर उभ्या बारीक सुया.

१०० ते २०० हर्ट्झच्या मध्ये दोघे एकमेकांवर चढलेत, हे इथेच दिसतं. सगळी भानगड त्या पट्ट्यात आहे.

चाळणी, आणि तिची मर्यादा

पहिला उपाय सगळ्यांना सुचतो तोच. १५० हर्ट्झच्या वरचं फुप्फुस, खालचं हृदय. पायथनच्या सायपाय लायब्ररीत चौथ्या ऑर्डरचा बटरवर्थ फिल्टर घ्या, सेकंड-ऑर्डर सेक्शनच्या रूपात, आणि पुढून-मागून असा दोनदा फिरवा म्हणजे ठोके जागचे हलत नाहीत. तीन ओळींचं काम.

मी हे केलं, लॅपटॉपवर वाजवलं आणि खूश झाले. हृदय गेलं होतं! मग हेडफोन लावले तर धडधड तिथेच, फक्त जरा बारीक झालेली. लॅपटॉपच्या इवल्याशा स्पीकरमधून खालच्या फ्रिक्वेन्सी बाहेरच येत नाहीत, त्यामुळे हृदय काढलंय की स्पीकरने गिळलंय हे कळायला मार्ग नसतो. लब-डबची सुरुवातीची ‘टक’ १५० च्या बरीच वर जाते, ती चाळणीतून निसटते.

त्याच वेळी एक सवय लागली, आणि या सगळ्या लेखातून एकच गोष्ट घेणार असाल तर ही घ्या: जो आवाज ठेवला तो नंतर ऐका, जो फेकला तो आधी ऐका. खालची फाइल लावली तर तिच्यात लब-डबच्या मागे श्वासाचा खर्ज स्पष्ट होता. म्हणजे मी फुप्फुसांचा तळच कापून हृदयाच्या पदरात टाकला होता.

तरीही चाळणीला नावं ठेवू नका. श्वास मोजायचे असतील किंवा ४०० हर्ट्झच्या आसपासची व्हीझ शोधायची असेल, तर इथेच थांबा. कॉलेजचे निम्मे प्रोजेक्ट इथे थांबले असते तर मुलांची झोप वाचली असती.

ठोके शोधा

फ्रिक्वेन्सीने भांडण मिटत नसेल तर वेळेचा आधार घ्यायचा. हृदय कधी वाजतं हे ठाऊक झालं की निम्मं काम होतं.

सिग्नल २५ ते १५० हर्ट्झमध्ये गाळा, त्याचा हिल्बर्ट एन्व्हलप, म्हणजे आवाजाच्या चढउताराची बाह्यरेषा, काढा, साधारण ५० मिलिसेकंदांच्या सरासरीने गुळगुळीत करा. मग ऑटोकोरिलेशन, म्हणजे एन्व्हलप स्वतःवरच सरकवत कुठे जुळतो ते बघायचं. ०.४ ते १.५ सेकंदांच्या मधलाच शिखरबिंदू घ्या. खालची मर्यादा विसरलात तर तो लब-डबमधलं अंतर हेच पूर्ण चक्र समजतो आणि बाबांची नाडी दोनशे दाखवतो. मग त्या अंतराच्या मदतीने एन्व्हलपवरची शिखरं उचला. ठोके घड्याळासारखे पडतील असं मात्र धरू नका. श्वास आत घेताना नाडी थोडी जलद होते, सोडताना मंदावते. त्यामुळे अंतराला दहा-पंधरा टक्के सैल सोडा.

लब कोणता आणि डब कोणता? विश्रांतीत लब ते डब हे अंतर डब ते पुढच्या लबपेक्षा कमी असतं. नाडी जलद झाली की दोन्ही सारखी होत जातात आणि ओळख पटत नाही. आपल्या कामाला ती ओळख लागत नाही, दोघांची जागा कळली की झालं. नाडी अनियमित असेल तर ऑटोकोरिलेशनच्या नादी लागू नका, सोबत ईसीजी घ्या.

वाटणी

आता मुख्य काम. रीतीचं नाव नॉन-निगेटिव्ह मॅट्रिक्स फॅक्टरायझेशन, लोक एनएमएफ म्हणतात. १९९९ मध्ये ली आणि सुंग यांनी ‘नेचर’मध्ये ती चेहऱ्यांच्या चित्रांवर दाखवली आणि मग ती सगळीकडे पसरली. नाव जड, कल्पना रांगोळीच्या ठशांची. तुमच्याकडे थोडे ठसे आहेत. कोणता ठसा केव्हा आणि किती दाबून मारला, याची हजेरी आहे. ठसे आणि हजेरी यांचा गुणाकार म्हणजे आख्खी रांगोळी. कुठेही उणे संख्या नाही, कारण मारलेला ठसा परत उचलता येत नाही.

रांगोळी म्हणजे इथे स्पेक्ट्रोग्राम. ४,००० हर्ट्झवर २५६ नमुन्यांची खिडकी घ्या, म्हणजे ६४ मिलिसेकंद, आणि ६४ नमुन्यांनी पुढे सरका. तीस सेकंदांचा तक्ता १२९ ओळी आणि सुमारे १,८७५ रकान्यांचा होतो. ५१२ ची खिडकी घेतली तर फ्रिक्वेन्सी बारीक दिसते, पण १२८ मिलिसेकंदांत एक आख्खा ठोका मावतो आणि त्याच्या कडा पुसट होतात. मी २५६ वर समाधानी आहे.

श्वास थांबवलेल्या रेकॉर्डिंगवर एनएमएफ चालवून हृदयाचे ८ ठसे शिका. पाठीवरच्या रेकॉर्डिंगवरून फुप्फुसांचे १६. मग मिश्र रेकॉर्डिंगवर चोवीसही ठसे एकत्र ठेवा: हृदयाचे बांधून, म्हणजे न बदलता, आणि फुप्फुसांचे मोकळे, कारण छातीपुढचा श्वास पाठीमागच्या श्वासासारखा नसतो, त्यांना जुळवून घ्यायला वाव हवा. काही ठसे बांधून ठेवायची सरळ सोय तयार लायब्ररीत मला नको तितकी खटपटीची वाटली, म्हणून दहा ओळी हातानेच लिहिल्या. प्रत्येक फेरीत सध्याच्या ठसे-गुणिले-हजेरीने मूळ तक्त्याला भागायचं. त्या गुणोत्तराला उलट्या मांडणीतल्या ठशांनी गुणायचं. ठशांच्या बेरजेने भागायचं. आणि येईल त्या संख्येने जुन्या हजेरीला गुणायचं. मग तसंच फुप्फुसांच्या ठशांना. शंभर-दीडशे फेऱ्या, जुन्या लॅपटॉपवरही चहा गाळेपर्यंत होतात.

शेवटी प्रत्येक चौकोनात हृदयाचा वाटा भागिले दोघांची बेरीज, हा हृदयाचा मास्क. एकातून तो वजा केला की फुप्फुसांचा. मूळ स्पेक्ट्रोग्राम, फेजसकट, एकेका मास्कने गुणून उलटा ट्रान्सफॉर्म करा, म्हणजे चित्राचा परत आवाज होतो. दोन्ही फाइलींची बेरीज केली की मूळ आवाज जसाच्या तसा परत येतो. जमिनीच्या वाटणीत गुंठे जुळावे लागतात, तसंच. जुळले नाहीत तर कुठेतरी चूक आहे, शोधा.

मी हे सगळं करून फुप्फुसांची फाइल मॅडमना ऐकवली. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि हेडफोन काढला. ‘‘स्वच्छ आहे गं. पण क्रेप्स कुठे गेल्या?’’

त्या हृदयाच्या फाइलीत होत्या. माझाच नियम मी पाळला नव्हता, फेकलेली बाजू ऐकली नव्हती. बारीक क्रेप्स म्हणजे पाचेक मिलिसेकंदांचा तडाखा. हृदयाच्या आठ ठशांपैकी एक लबच्या सुरुवातीच्या ‘टक’चा होता, वरपर्यंत पसरलेला. एनएमएफने प्रत्येक क्रेप्सला तो ठसा मारला. फुप्फुसांचे ठसे शांत सळसळीवरून शिकलेले, त्यांच्याकडे इतकं टोकदार काही नव्हतंच. त्याच्या बाजूने बघितलं तर त्याचं चुकलं नाही.

उपाय सापडला तो गुणाकारातच. हजेरी प्रत्येक फेरीत गुणली जाते. शून्याला कितीही गुणा, शून्यच राहतं. म्हणून सुरुवातीलाच हृदयाच्या आठही ठशांची हजेरी ठोक्यांच्या बाहेर शून्य लिहून टाका. मागच्या पायरीत सापडलेल्या प्रत्येक शिखराच्या अलीकडे-पलीकडे ८० मिलिसेकंद तेवढी दार उघडं. ७२ च्या नाडीत एका चक्राच्या ८३० पैकी ३२० मिलिसेकंद हृदयाला बोलता येतं, बाकी वेळ ते गैरहजर. त्या वेळातली क्रेप फुप्फुसांकडेच जाते, तिला दुसरीकडे जायला जागाच नाही. एक बारीक खोच: शून्याने भागाकार होऊ नये म्हणून आपण कुठेतरी अगदी छोटी संख्या मिसळतो. ती छेदातच मिसळा. हजेरीत मिसळलीत तर शून्य शून्य राहत नाही आणि दीडशे फेऱ्यांत चोर पुन्हा घरात शिरतो. माझी एक संध्याकाळ त्यात गेली.

पुढच्या महिन्यात मॅडमनी मूळ फाइल आणि वेगळी केलेली फाइल, दोन्ही लावल्या. एका श्वासातल्या क्रेप्स बोटांवर मोजल्या, दोन्हीकडे सारख्याच भरल्या. ठोक्याच्या नेमक्या खाली सापडलेली क्रेप अजूनही थोडी बोथट होते. ते मान्य करून टाकलंय.

आणि एक सावधगिरी, ही मोठी आहे. हृदयात मर्मर, म्हणजे रक्तप्रवाहाची फुसफुस, असेल तर ती लब आणि डबच्या मधल्या जागेत वाजते, बरोबर जिथे आपण दार लावलं तिथे. मग ती फुप्फुसांच्या फाइलीत जाते आणि श्वासासारखीच फुसफुसते. ओळखायचं कसं? श्वास थांबवलेलं पहिलं रेकॉर्डिंग लावा. तिथेही फुसफुस चालूच असेल तर ती श्वासाची नाही. अशा माणसासाठी लबपासून डबपर्यंत दार सलग उघडं ठेवा, आणि डबच्या पुढेही ऐकू येत असेल तर हा शून्याचा खेळ सोडून द्या. रेकॉर्डिंग थेट डॉक्टरांकडे न्या.

बाकीच्या वाटा

दोन माइक असतील तर विड्रो आणि हॉफ यांचा १९६० चा एलएमएस फिल्टर आहे. एक माइक हृदयावर, तो संदर्भ. दुसऱ्यातून त्याच्याशी जुळेल तेवढं वजा करत जायचं. अडचण एवढीच की हृदयावरच्या माइकलाही श्वास ऐकू येतो, मग फिल्टर फुप्फुसंही थोडी खातो. संदर्भ म्हणून ईसीजी घेतला तर हे टळतं. आयसीए, म्हणजे मूळ आवाज एकमेकांपासून स्वतंत्र आहेत असं धरून ते सोडवायची रीत, करून बघितली, जमली नाही. छातीतून आवाज दोन माइकपर्यंत वेगवेगळ्या वेळी आणि वेगवेगळा गाळून पोचतो, आणि साध्या आयसीएला ते चालत नाही. वेव्हलेटवर, म्हणजे आवाज आखूड लहरींत फोडायच्या रीतीवर, बरंच काम झालेलं आहे आणि ठोक्यासारखं आखूड काही उचलायला ते चांगलं. पण किती लहान तुकडा फेकायचा, तो उंबरठा किती ठेवायचा यात माझे केस पिकले असते. डीप लर्निंग आजकाल सगळे आधी काढतात. एका माणसाच्या तीन रेकॉर्डिंगांवर त्याची गरज नाही.

खरंच वेगळं झालं का?

खऱ्या छातीत ‘बरोबर उत्तर’ कुठे लिहिलेलं नसतं. म्हणून ते आपणच तयार करायचं: निव्वळ हृदयाची एक फाइल, निव्वळ फुप्फुसाची एक, दोन्ही ठरावीक प्रमाणात मिसळा, वेगळं करा आणि मूळशी ताडून बघा. ठसे ज्या रेकॉर्डिंगवरून शिकलात तेच मिसळू नका. पेपर फोडून परीक्षा घेतल्यासारखं होतं ते. बाबांची तीन श्वास-थांबवणी यासाठीही कामी येतात, दोन शिकायला आणि एक परीक्षेला.

जास्त माणसांवर तपासायचं असेल तर खुले संग्रह आहेत. हृदयासाठी फिजिओनेटच्या २०१६ च्या स्पर्धेतली तीन हजारांवर रेकॉर्डिंगं, फुप्फुसांसाठी आयसीबीएचआयचा २०१७ चा संच, पोर्तुगाल आणि ग्रीसमधल्या १२६ जणांची ९२० रेकॉर्डिंगं. पण डोळे मिटून मिसळू नका. फिजिओनेटच्या फाइली २,००० हर्ट्झच्या आहेत, म्हणजे त्यांच्यात १,००० च्या वर काहीही नाही. त्या ४,००० वर चढवून फुप्फुसांत मिसळल्या की १,००० च्या वरचं सगळं आयतंच फुप्फुसांचं ठरतं, आणि तुमचे आकडे फुकटचे छान येतात. दोन्ही संच आधी २,००० वर आणा, मग मिसळा. आणि फुप्फुसांच्या त्या संचात छातीवरून घेतलेल्या फाइलीही आहेत, त्यामुळे त्यातल्या कित्येकांत मागे हृदय वाजत असतं. ‘निव्वळ फुप्फुस’ म्हणून वापरण्याआधी एकेक हेडफोन लावून ऐकावी लागते. मी पन्नास ऐकून त्यातल्या अकरा ठेवल्या.